चाळीस तास

आमच्या घरात मधुमेह हेमंतना झाला आणि पथ्य माझ्या वाट्याला आलं. हे मी चिडून सांगते आहे, ते आधीच कबूल करते. पाच वर्षं चिडायचं राहून गेलं होतं, ते आता सगळं एकदम बाहेर येतंय.

मी सुवर्णा माळवदे. मिरजेतल्या एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं टेक्निशियन आहे. निम्म्या मिरजेच्या शिरा माझ्या बोटांना पाठ आहेत. हेमंत, माझे यजमान, सांगलीला पाटबंधारे खात्यात. माणूस गोड. रागावणं नाही, ओरडणं नाही, आणि जेवायला बसले की बघत राहावं. दर शनिवारी नरसोबाच्या वाडीला जायचे, देवापुढे पाच मिनिटं आणि बासुंदीपुढे पाऊण तास. येताना कवठाची बर्फी आणायचे. एकेक वडी मला आणि ईश्वरीला देऊन उरलेला बॉक्स बातम्या बघता बघता संपवायचे. ईश्वरी ही आमची एकुलती एक मुलगी, बापाची लाडकी.

त्यांची साखर पहिल्यांदा मीच मोजली. सहज, वाढदिवसाची तपासणी म्हणून. उपाशीपोटी दोनशे चाळीस. यंत्र चुकलं असेल म्हणून तोच नमुना पुन्हा लावला. दोनशे एक्केचाळीस.

डॉ. रेहाना मुजावर यांच्याकडे आम्ही दोघं गेलो. बाईंचं बोलणं स्पष्ट. म्हणाल्या, "माळवदे, इन्शुलिन म्हणजे पेशीच्या दारावरची बेल समजा. खाल्लं की रक्तात साखर येते, बेल वाजते, पेशी दार उघडते आणि साखर आत घेते. तुम्ही सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत काही ना काही खाता. दिवसभर बेल वाजत राहिली तर आतला माणूस काय करेल?"

"कंटाळेल," हेमंत म्हणाले.

"कंटाळतो आणि उठायचा बंद होतो. मग शरीर आणखी जोरात बेल वाजवतं, म्हणजे आणखी इन्शुलिन. तरी दार उघडत नाही, साखर बाहेरच तुंबते. तुमचं तेच झालंय. उपाय एवढाच की रोज काही तास बेल बंद ठेवायची. संध्याकाळी सातला जेवण आटपा. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा. भात निम्मा करा, डाळी-उसळी वाढवा, बारा किलो वजन उतरवा. गोळ्या किती आणि कधी ते मी बघते, मनाने काही करू नका. पण तुमचं गाडं अजून मागे वळण्यासारखं आहे."

हेमंतनी चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी सकाळी आठला मी दूध आणायला खाली उतरले तर हे कोपऱ्यावरच्या गाड्याशी उभे राहून वडा खात होते. मला बघून लाजले. "अगं, डोकं दुखत होतं," म्हणाले. मी तरी काय, हसले. तिथेच चिडायला हवं होतं.

मग दीड-दोन वर्षांनी निरन्न आलं.

माणूस दीड दिवसाहून जास्त उपाशी राहिला की शरीर साखर सोडून चरबी जाळू लागतं, हे जुनंच ज्ञान. नवं कळलं ते असं, की त्या वेळी यकृत बावीस प्रकारची बारीक प्रथिनं रक्तात सोडतं, आणि ती प्रथिनं थकलेल्या पेशींना पुन्हा दार उघडायला लावतात. चाळिसाव्या तासाला ती सगळ्यांत जास्त असतात. गंमत पुढेच आहे. उपाशी माणसाच्या रक्तातून ती काढून भरल्यापोटी माणसाला दिली, तरी त्याची दारं उघडतात आणि आठवडाभर उघडी राहतात. रक्तातला पिवळसर द्रव तेवढा काढून घ्यायचा, तांबड्या पेशी देणाऱ्याला परत सोडायच्या. त्या द्रवाला नाव पडलं निरन्न.

कारखान्यात ते बनवायचे खूप प्रयत्न झाले, पण बावीस प्रथिनांचं प्रमाण जुळेना, जुळलं तर टिकेना. परक्याचं निरन्न दोन-तीन वेळा लागू पडतं, मग शरीर त्याला ओळखून हुसकावतं. टिकतं ते वर्षानुवर्षं एका स्वयंपाकघरात जेवलेल्यांचं. एकाच भांड्यातलं खाऊन खाऊन घरातल्या माणसांच्या आतड्यांतले जंतू सारखे होतात, आणि एकाच्या रक्ताला दुसऱ्याचं रक्त परकं वाटत नाही. सरकारने विक्रीवर बंदी घातली. म्हणजे घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला द्यायचं. घरातल्या नेमक्या कुठल्या माणसाने, हे काही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते कुणी विचारलंही नाही. वटपौर्णिमा काय आणि हरतालिका काय, आम्ही सराव करूनच बसलो होतो.

गावोगावी निरन्न केंद्रं निघाली. मिरजेच्या केंद्रात आत दहा पलंग आणि बाहेर दोन लांब बाकं. आत बायका आडव्या, बाहेर पुरुष मोबाइल बघत, कुणी भडंगाची पुडी फोडून बसलेले. पाच वर्षांत आतल्या पलंगावर मी एकच पुरुष बघितला, बायकोला निरन्न द्यायला आलेले एक पेन्शनर आजोबा. त्यांचा फोटो पेपरात आला. आमच्यापैकी कुणाचा कशाला येईल!

माझं वेळापत्रक ठरून गेलं. रविवारी रात्री नऊला शेवटचा घास. सोमवारी लॅब, घर, दोन्ही वेळचा स्वयंपाक, आणि पाणी. मंगळवारी दुपारी एकला सुई. हेमंत मंगळवारी अर्धी रजा टाकून मला स्कूटरवरून केंद्रात सोडायचे, त्याचंही त्यांच्या ऑफिसात फार कौतुक होतं. मला सोडून ते घरी जेवायला जायचे. बुधवारी सकाळी माझं निरन्न त्यांच्या दंडात जायचं.

सुई निघाली की तिथल्या ललिता सिस्टर म्हणायच्या, "काकू, डबा उघडा. इथंच खा, माझ्यासमोर." भिंतीवर तक्ताच होता, अर्ध्या तासाच्या आत दोन अंडी किंवा पनीर, वाटीभर डाळ, ताक. त्यानंतरचे दोन दिवस भरपूर खायचं.

मी म्हणायचे, "घरी जाऊन खाते. हे जेवायचे थांबले असतील."

हेमंत एकाही मंगळवारी थांबलेले नव्हते. घरी जावं तर त्यांचं ताट बेसिनमध्ये आणि ते पलंगावर. मग मी पातेल्याच्या बुडाशी राहिलेली आमटी, पोळीचा तुकडा, जे असेल ते उभ्याउभ्या पोटात ढकलून कामाला लागायचे. पण सिस्टरला ते कशाला सांगा! नवरा जेवायचा थांबलाय, हे म्हणायला बरं वाटायचं.

आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. त्यांच्या मनगटावरची साखर दाखवणारी चकती लाल असायची ती हिरवी झाली. बासुंदी खाल्ली तरी हिरवीच. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेनऊवरून सहावर आली. "सुवर्णा आहे म्हणून मी आहे," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि मनापासून सांगायचे. माणूस वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं. शंभराव्या दानाला केंद्राने हळदीकुंकू करून माझ्या नावाचा स्टीलचा चार पुडांचा डबा दिला. ईश्वरीने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्यावर भाषण केलं. ‘माझ्या बाबांच्या रक्तात माझ्या आईची भूक वाहते’, हे तिचं शेवटचं वाक्य. पहिलं बक्षीस. मी तिसऱ्या रांगेत बसून रडले. वधूवर केंद्राच्या अर्जात मुलींसाठी ‘उपासाची सवय’ असा रकाना आला, तो तिने कुणालाही न विचारता भरला. होय.

यंदाच्या चैत्रात लॅबमध्ये एक चार वर्षांची पोरगी आली. ताप होता, रक्त घ्यायचं होतं. मी सुई धरली आणि माझा हात कापायला लागला. दोनदा शीर चुकली. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पोरीची आई माझ्याकडे बघत होती. शेवटी मी लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला हाक मारली आणि आत जाऊन स्टुलावर बसले.

डॉ. मुजावर यांनी माझ्या सगळ्या तपासण्या केल्या. मुठीची पकड, मांडीचे स्नायू, हाडं. कागद पुढे ठेवून म्हणाल्या, "सुवर्णाताई, वय पन्नास, हाडं सत्तरीची. मांडीचा स्नायू एक तृतीयांश गेलाय. नुसत्या उपासाने असं होत नाही. उपास सोडल्यावर तुम्ही काय खाता?"

"सगळं खाते."

"सगळं म्हणजे काय?"

"उरतं ते," मी म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग माझं दानाचं कार्ड मागून घेतलं, त्यावर दोनशे अडतीस शिक्के होते, आणि त्यावर आडवी लाल रेघ मारली. "आजपासून बंद. पुन्हा सुरू होणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेमंतना बोलावलं. हेमंतचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे झालं हो डॉक्टर," म्हणाले, आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून विचारलं, "आता माझं कसं?"

"तुमच्याशी शंभर टक्के जुळणारा एक दाता आहे," डॉक्टर म्हणाल्या.

हेमंत खुर्चीत पुढे सरकले. "कोण?"

"तुम्ही. तुमचं यकृतही निरन्न बनवतं. आठवड्यातून एकदा चाळीस तास, इथे माझ्या देखरेखीखाली, गोळ्या मी आवरते. ना सुई, ना केंद्र. वजन उतरेल तसं तेही कमी करू."

हेमंत हसायलाच लागले. "छे हो, मला नाही जमत. चक्कर येते मला."

मी शेजारीच बसले होते.

दोन महिन्यांत चकती पुन्हा लाल झाली. गोळ्या वाढल्या, खाणं होतं तेवढंच राहिलं. नव्या बुटाने डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला, तो भरेना. रोज संध्याकाळी मी ड्रेसिंग करायचे आणि रोज तो भाग थोडा जास्त काळा दिसायचा.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. ईश्वरी मागे येऊन उभी राहिली.

"आई, मी केंद्रात जाऊन रक्त मॅच करून आले. ब्याण्णव टक्के आहे. तुझी एक्क्याऐंशी होती."

परीक्षेतले मार्क सांगावेत तसं सांगितलं पोरीने. मी तवा उतरवला, गॅस बंद केला.

"तू नाही द्यायचंस," मी म्हणाले.

"का? तू दिलंस की."

"दिलं म्हणूनच सांगते. हा हात बघ माझा." मी हात पुढे धरला. पीठ लागलेली बोटं थरथरत होती.

"तू नीट खाल्लं नाहीस, म्हणून. मी खाईन."

"मी सही करणार नाही, ईश्वरी."

पंचवीस वर्षांखालच्या मुलीने निरन्न द्यायचं तर घेणारा सोडून घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने सही करावी लागते, की मुलीवर दबाव नाही. आमच्या घरात दुसरं मोठं माणूस मीच. आणि ईश्वरीला पंचवीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

"मग काय, बाबांचा पाय जाऊ दे?" तिचा आवाज चढला.

"बाबांना चाळीस तास थांबू दे."

"त्यांना जमत नाही, आई. तुला माहितेय."

"आणि तुला बरं जमेल?"

"मी तुझी मुलगी आहे," ती ताठ मानेने म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून हेमंतचा आवाज आला. "माझी काही जबरदस्ती नाही हं तिच्यावर. पण तिचीच इच्छा असेल तर..." पुढचं वाक्य त्यांनी आमच्यावर सोडलं.

मी सही केली नाही. ईश्वरीने माझ्याशी बोलणं टाकलं. रोज पायाची पट्टी सोडताना मी काळा भाग बोटांनी मोजायचे. पाय गेला तर तो माझ्या एका सहीमुळे गेला, असं आयुष्यभर ऐकावं लागणार, हे मला दिसत होतं. पेन घेऊन दोनदा त्या फॉर्मपाशी बसलेसुद्धा. पण डोळ्यांपुढे त्या चार वर्षांच्या पोरीचा हात यायचा, आणि त्या हाताच्या जागी कधी ईश्वरीचा लहानपणचा हात दिसायचा. मी फॉर्म पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवायचे.

श्रावणात एका रविवारी रात्री नऊला जेवण झाल्यावर हेमंतना उलट्या सुरू झाल्या, अंगात कणकण. करंगळीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरत होता. रात्रीच दवाखान्यात ठेवलं. तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं, सलाइन आणि औषधं सुरू, साखर तासातासाला बघून इन्शुलिनची सुई. करंगळी काढायची ठरली, सोमवारी दुपारी. दुपारी रस्त्यावरच्या मोठ्या अपघाताचे रुग्ण आले आणि ऑपरेशन मंगळवारवर गेलं. हेमंत सोमवारभर म्हणत राहिले, "निदान अर्धा कप चहा." दुपारी ते चिडले, संध्याकाळी केविलवाणे झाले. मंगळवारी सकाळी मात्र शांत होते. मला म्हणाले, "गंमतच आहे. भूक लागते, लागते, आणि मग निघून जाते गं."

"हो का," मी म्हणाले.

मंगळवारी एकला त्यांना आत नेणार होते. त्याआधी डॉ. मुजावर यांनी मला बाजूला घेतलं. "आणखी एक नळी घ्या. तुमच्या लॅबमध्ये निरन्नाची पातळी लावून बघा. हिशेब करा, किती तास झाले."

हिशेब करायची गरजच नव्हती. रविवार रात्री नऊ ते मंगळवार दुपारी एक. ते वेळापत्रक मला झोपेतही सांगता आलं असतं.

त्या दिवशी माझा हात कापला नाही. हेमंतच्या दंडाला पट्टा बांधला, एका सुईत शीर सापडली. नळी घेऊन मी लॅबमध्ये आले आणि स्वतः यंत्रात लावली. माझी पाच वर्षांतली सर्वांत चांगली पातळी एकशे चाळीस होती, ती केंद्राने फळ्यावर लिहिली होती. यंत्रावर आकडा आला दोनशे बारा. पहिल्या वेळेसारखाच मी नमुना पुन्हा लावला. दोनशे अकरा.

मी स्टुलावर बसून तो आकडा बघत राहिले. या माणसाच्या अंगात हे सगळं होतं. पहिल्यापासून होतं. माझ्या दीडपट होतं. फक्त त्याने भूक सोसायला हवी होती, आणि ती भूक तर म्हणे लागते आणि निघून जाते. मला रडू आलं नाही, संताप आला, इतका की नळी जमिनीवर आपटावीशी वाटली. आपटली नाही. नाव-तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवली आणि रिपोर्ट छापला.

करंगळी गेली, पाय वाचला. संध्याकाळी त्यांना पातळ खिमट द्यायला परवानगी मिळाली. मी पोचले तेव्हा ईश्वरी चमच्याने भरवत होती. कॉटभोवती हेमंतचे ऑफिसातले दोघं आणि त्यांची चुलत बहीण.

"चाळीस तास!" चुलत नणंदबाई कपाळाला हात लावून म्हणत होत्या. "आमच्या हेमूच्या तोंडात चाळीस तास अन्नाचा कण नाही!"

ईश्वरीने माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली. तिचे डोळे भरले होते. "आई, बाबांनी काय सोसलं असेल गं."

माझ्याच्याने राहवलं नाही. "मी दोनशे अडतीस वेळा राहिलेय, ईश्वरी. तेवढेच तास."

ईश्वरी क्षणभर गोंधळली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. चमचा वाटीत फिरवत म्हणाली, "तुझं वेगळं आहे, आई. तुला सवय आहे."

नणंदबाईंनी मान हलवली. ऑफिसातल्या दोघांनीही हलवली. मी हातातला रिपोर्ट घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावर यांनी तोच आकडा हेमंतना समजावून सांगितला. हेमंत खूश झाले. "म्हणजे मला जमतं तर!"

"जमलंच आहे. जखम भरली की आठवड्यातून एकदा, माझ्याकडे येऊन करायचं."

"बघू," हेमंत म्हणाले. "आत्ता नको हो विषय. त्या दोन दिवसांत काय हाल झाले ते माझं मला माहीत."

तीन आठवड्यांत जखम भरत आली. चकती मात्र लालच होती. त्या आठवड्यांत मी तीनदा विषय काढला. एकदा हे म्हणाले, सण होऊ दे. एकदा म्हणाले, ऑफिसात रुजू होऊ दे. तिसऱ्यांदा म्हणाले, "ईशूचा वाढदिवस आलाच आहे की." मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ईश्वरीचा पंचविसावा वाढदिवस मंगळवारी आला. रविवारी रात्री नऊला तिने ताट बाजूला सारलं तेव्हाच मला कळलं. सोमवारी ती ऑफिसला गेली, आली, तिने बापाला गरम पोळ्या करून वाढल्या. मी रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला. तिने नीट वाचला. मूर्ख नाही माझी मुलगी.

"दोनशे बारा," ती म्हणाली. "छान आहे. पण आई, ते करणार नाहीत. तुलाही माहितेय. मग आपण वाट बघत बसायचं का, पुढचं बोट जायची?"

तिच्या वयाची असताना मीही हेच बोलले असते.

मंगळवारी सकाळी मी तिला पाटावर बसवून ओवाळलं. तुपातला शिरा केला होता, बेदाणे घालून, तिला लहानपणापासून आवडतो तसा. एक घास, आणि छत्तीस तास फुकट जातील, केंद्र तिला परत पाठवील, हे मला माहीत होतं. म्हणूनच केला होता. चमचा मी तिच्या ओठांपर्यंत नेला. वाढदिवसाला आईच्या हातचा घास आमच्याकडे कुणी नाकारत नाही.

तिने तोंड बाजूला केलं. "दुपारी खाईन, आई."

"एक घास. माझ्यासाठी."

"नको ना गं. इतके तास काढलेत."

खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले हेमंत म्हणाले, "गार होतोय बघ. इकडे दे तोवर, दोनच चमचे." मी वाटी त्यांच्या हातात दिली. का दिली, माहीत नाही. इतक्या वर्षांत हात आपोआप तिकडेच जातो. "वा," ते म्हणाले, "बेदाणे छान फुगलेत."

अकराला मी वरणभात, भाजी करून झाकून ठेवली. मग माझ्या नावाच्या डब्यात दोन उकडलेली अंडी, मटकीची उसळ, घट्ट दही भरलं आणि ईश्वरीच्या मागोमाग केंद्रात गेले. आत मला जायचं कारण नव्हतं, माझं कार्ड रद्द होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले, दोन पुरुषांच्या मध्ये. त्यांनी थोडं सरकून जागा दिली. एकाने विचारलं, "मिसेस आत?" आणि मग चूक लक्षात येऊन हसला.

दोनला ललिता सिस्टरनी मला आत बोलावलं. ईश्वरी सहाव्या पलंगावर, खिडकीजवळच्या. माझाच पलंग. चेहरा पांढरा पडलेला, पण हसत होती. हातात नवं कोरं कार्ड, त्यावर एक शिक्का.

मी डबा उघडला, उसळीत चमचा घातला. "खा. इथंच, माझ्यासमोर. मगच उठायचं."

"घरी जाऊन खाते ना," ईश्वरी म्हणाली. "बाबा जेवायचे थांबले असतील."

ललिता सिस्टरचा हात कापसाच्या बोळ्यावर तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उसळीचा चमचा धरून उभी होते.

"थांबलेले नाहीत," मी म्हणाले. "कधीच थांबत नाहीत, ईश्वरी."

"असू दे गं," ती म्हणाली, आणि पाय खाली सोडून पलंगाखाली चपला शोधू लागली.